२९० वॅटच्या डेलमध्ये कार्ड घालायचं असेल तर आधी स्टिकर वाच

तू लिहिलंयस की डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० चा रिफर्बिश्ड टॉवर आहे, आय५-४५९०, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, बजेट ओढूनताणून दहा हजार, काम म्हणजे कॉलेजचं व्हिडिओ एडिटिंग आणि संध्याकाळी थोडे गेम, आणि ओळखीतला एक जण ८ जीबीचं आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड स्वस्तात देतोय तर घेऊ का. नको घेऊस. कार्ड वाईट नाहीये, पण तुझ्या मशीनसाठी ते नाही.

साधा हिशोब कर. आरएक्स ५८० एकटं १८५ वॅट खातं, तुझा प्रोसेसर फुल लोडवर ८४, वर मदरबोर्ड, रॅम, हार्डडिस्क, पंखे मिळून चाळीस-पन्नास धर, झाले तीनशेच्या वर. तुझा एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, आहे २९० चा. आणि त्यात ग्राफिक्स कार्डला लावायची ८ पिनची केबलच नाही, म्हणजे कुठून तरी अ‍ॅडाप्टर जोडायचा, आणि तिथेच गडबड सुरू होते.

हे मी वाचून सांगत नाहीये, माझ्या घरी झालंय. तेव्हा माझ्याकडे असेंबल केलेलं मशीन होतं, कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस, वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट. ६ पिनचं कार्ड आणलं, केबल नव्हती, दुकानदाराने साटाचा, म्हणजे हार्डडिस्कला वीज देणाऱ्या कनेक्टरवर लागणारा, अ‍ॅडाप्टर हातात ठेवला, म्हणाला "लगा दो भिया, चल जाएगा". चाललं पण, दोन-अडीच महिने. मग मे महिन्यात एका दुपारी रेंडर लावून जेवायला बसलो तर खोलीतून जळक्या प्लास्टिकचा वास. कॅबिनेट उघडलं तर साटाच्या काळ्या कनेक्टरचं एक टोक मेणासारखं वितळून ओघळलेलं, पिवळ्या वायरचं कव्हर तपकिरी होऊन मागे सरकलेलं, आत तांबं दिसतंय. त्याच केबलवर हार्डडिस्क होती, तीही गेली, आणि तिच्यात बहिणीच्या लग्नाचे फोटो होते ज्यांची दुसरी कॉपी कुठेच नव्हती. ते आजही आठवलं की वाईट वाटतं.

असं का झालं ते समजून घे. साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, एकेकीला दीड अँपिअर, म्हणजे सगळे मिळून ५४ वॅट. ६ पिनवर कार्ड ७५ मागू शकतं, ८ पिनवर १५०. पिन गरम होणारच, आणि आपल्याकडे इंदूरच्या उन्हाळ्यात बंद खोलीत अजूनच होणार. नंतर तो एसएमपीएस काढून टॉर्च मारून स्टिकर नीट वाचला तेव्हा कळलं की १२ व्होल्टवर फक्त १६ अँपिअर लिहिलेत. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही मुख्यतः १२ व्होल्टवरच चालतात, त्यामुळे वरच्या ४५० ला काही अर्थच नव्हता. म्हणून सांगतो, मोठा आकडा सोड, १२ व्होल्टसमोरचे अँपिअर बघ. १२ व्होल्टच्या दोन रेल, म्हणजे वेगवेगळ्या वाटा, लिहिल्या असतील तर दोन्हींची नुसती बेरीज करू नकोस, खाली त्यांची एकत्र मर्यादा वेगळी दिलेली असते, ती धर. डेलचे एसएमपीएस या बाबतीत प्रामाणिक असतात, लिहितात तेवढं देतात, पण २९० म्हणजे २९०च.

आता तुझ्यासाठी काय. मदरबोर्डचा पीसीआय एक्सप्रेसचा मोठा स्लॉट कार्डला ७५ वॅटपर्यंत देऊ शकतो, तर जे कार्ड तेवढ्यात भागवतं आणि वर वेगळी केबल मागत नाही तेच घ्यायचं. माझं मत जीटीएक्स १६५०, ४ जीबी, सेकंडहँड. ७५ वॅट, म्हणजे सगळं धरून तू दोनशे-सव्वादोनशेच्या आत राहतोस. फक्त एक बघ, १६५० ची काही फॅक्टरी ओव्हरक्लॉक, म्हणजे कंपनीनेच वेग वाढवलेली, मॉडेलं ६ पिन मागतात, तर कार्ड हातात घेऊन कडेला पॉवरचं सॉकेट नाही ना हे डोळ्यांनी बघूनच पैसे दे. एका पंख्याचं छोटं कार्ड मिळालं तर उत्तम, तुझ्या टॉवरमध्ये आरामात बसेल, तरी जायच्या आधी आतली लांबी पट्टीने मोजून जा.

आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल याहून चांगलं, ७० वॅट, त्यालाही वेगळी केबल लागत नाही, पण नवीन घ्यायचं तर तुझ्या बजेटच्या बाहेर जातं. आणि दुकानात नुसतं "३०५०" म्हणू नकोस, ८ जीबीवालं १३० वॅटचं आहे आणि ८ पिन मागतं, नावं सारखी असल्यामुळे लोक फसतात. जीटीएक्स १०५० टीआय स्वस्त मिळेल, पण २०१६ चं कार्ड, त्याला एनव्हिडियाने नवीन गेम ड्रायव्हर देणं २०२५ मध्ये बंद केलं, अगदीच कमी भावात मिळालं तरच बघ. आरएक्स ६४०० नेटवर खूप जण सुचवतील, ५३ वॅटच आहे म्हणून, पण त्याला बोर्डाशी डेटाची ने-आण करायला चारच लेन आहेत आणि तुझा बोर्ड जुन्या, कमी वेगाच्या पीसीआय ३ चा आहे, त्यामुळे ४ जीबी मेमरी भरली की ते अडखळतं, आणि त्यात व्हिडिओ एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ फाइल झटपट बनवणारा भाग, नाहीच, तू तर एडिटिंग करणार. इंटेलच्या आर्क कार्डांना रीसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, लागतो, तुझ्या चौथ्या जनरेशनच्या मशीनवर तो मिळत नाही, विषय संपला.

खरेदीला आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये चक्कर मार, चार दुकानांत भाव विचार, पहिल्याच दुकानात पैसे काढू नकोस. कार्ड तिथेच लावून दाखवायला सांग आणि जीपीयू-झेड हे कार्डची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवून बघ, कारण जुन्या चिपवर बायोस (कार्डमधलं आतलं सॉफ्टवेअर) बदलून १०५० टीआय म्हणून विकलेली कार्डं बाजारात फिरलीयेत, आणि जीपीयू-झेड त्यातली बरीच ओळखून नावाआधी फेक असं लिहितं. वीस मिनिटं लोड देऊन ठेव, पंख्याची घरघर ऐक, स्क्रीनवर ठिपके येतात का बघ. दुकानदार टाळाटाळ करायला लागला तर उठ.

अजून एक, तुझा मॉनिटर जुना व्हीजीएवाला असेल तर या कार्डांवर व्हीजीए नसतं, एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर घे. उरलेल्या पैशात ८ जीबीची अजून एक डीडीआर३ स्टिक टाक. एडिटिंगमध्ये तो फरक पहिल्याच दिवशी जाणवेल, एका स्टिकवर तू अर्ध्या रुंदीच्या रस्त्याने गाडी चालवतोयस. घरी ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर तो साधारण ३६० वॅटचा असतो, मॉनिटरसकट त्यात बसशील, पण त्यावर राउटर, स्पीकर लटकवू नकोस.

आणि ओळखीतल्याला आज नाही म्हणून कळवून टाक, उगाच ताटकळत ठेवू नकोस. स्टिकरचा फोटो काढलास तर १२ व्होल्टची ओळ स्पष्ट वाचता येईल असा काढ आणि मला दाखव, कार्ड घ्यायच्या आधी.