बाईकचा इंडिकेटर वळल्यावर आपोआप का बंद होत नाही? बंद करायचं लक्षात कसं ठेवावं?

कारमध्ये स्टिअरिंग सरळ होताना आतला खटका इंडिकेटरची दांडी मागे ढकलतो. बाईक वेगात वळते ती कलून, हँडल जेमतेम हलतं. मग खटका पडणार कशाने? हार्ले-डेव्हिडसनसारख्या महागड्या गाड्यांत सेल्फ-कॅन्सलिंग मिळतं, आपल्या शंभर-सव्वाशे सीसीत ते क्वचितच.

मी एकदा कर्वे रोडभर उजवा इंडिकेटर मिरवत गेलो. उन्हात मीटरवरचा हिरवा बाण दिसतो कुठे! शेवटी सिग्नलला रिक्षावाला म्हणाला, "दादा, वळायचं कुठं ते ठरवा की!"

तेव्हापासून वळण संपून गिअर वर टाकला की डावा अंगठा बटण मधोमध दाबतोच, इंडिकेटर चालू असो वा नसो. सवय लागेपर्यंत गॅरेजमधून बझर बसवून घ्या. कटकट वाटते, पण काम होतं.