फिलरनंतर डॉक्टरांशी बोलताना

अगं, फिलर (ओठ-गाल भरीव दिसावेत म्हणून घेतलेलं इंजेक्शन) घेतल्यावर काही खटकलं, तर डॉक्टरांना सांगायला संकोच कसला? पैसे मोजलेत, चेहरा तुझा आहे. नुसती सूज असेल तर दोनेक आठवडे वाट बघ. पण त्वचा पांढरी किंवा जांभळट जाळीदार दिसली, दुखणं वाढलं, तर रात्र असली तरी फोन कर. नजर अंधुक झाली तर थेट मोठं हॉस्पिटल.

एरवी "बरं नाही वाटत" एवढंच म्हणशील, तर "होईल सेट" ऐकून परत येशील. डावीकडे गाठ लागते, हसताना ओठ ओढतो, असं नेमकं सांग. आधीचे-नंतरचे फोटो ने. फिलर कोणतं, किती मिली, बॅच नंबर काय, लेखी माग. हायलुरॉनिक ॲसिडचं असेल तर हायलुरोनिडेज या एन्झाइमच्या इंजेक्शनने विरघळतं. (मधमाशीच्या विषातही हे एन्झाइम असतं, म्हणून दंशाची ॲलर्जी असेल तर ते आधीच सांग हं.) आणि "अजून अर्धा मिली भरू" म्हणाले, तर लगेच मान डोलावू नकोस.