फिनलंडमध्ये सगळ्यांना इंग्रजी येतं का? फिनिश न शिकता तिथे राहता येईल का?

मी हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पोमध्ये राहतो आणि सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. त्यामुळे हे उत्तर राजधानीच्या बाजूला झुकलेलं आहे, हे धरूनच वाचा.

इंग्रजी येतं, आणि चांगलं येतं. युरोपीय संघाच्या २०१२ च्या युरोबॅरोमीटर या जनमत पाहणीत ७० टक्के फिनिश लोकांनी इंग्रजीत संभाषण करता येतं असं सांगितलं होतं. इथे बसचालक, गल्ल्यावरची मुलगी, नळ दुरुस्त करायला आलेला माणूस, सगळ्यांशी इंग्रजीत निभावतं. अडतं ते आजीआजोबांच्या पिढीशी आणि लांबच्या लहान गावांत. दुसऱ्या महायुद्धाआधी शाळांत परकी भाषा म्हणून जर्मनचं प्रस्थ होतं, इंग्रजी पुढे गेली ती नंतर.

मला नवल वाटतं ते याचं, की यातले बहुतेक जण फिनिश माध्यमात शिकलेले असतात. इंग्रजी हा फक्त एक विषय. पूर्वी पहिली परकी भाषा साधारण तिसरीत यायची, २०२० पासून ती पहिलीतच सुरू करावी लागते आणि बहुतेक घरांतून इंग्रजीच निवडली जाते. महाराष्ट्रात तर मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० सालीच आली, म्हणजे कागदावर आपण वीस वर्षं पुढे! मग फरक कुठे पडतो? चांगले शिक्षक हे एक कारण आहेच, पण माझ्या मते खरं श्रेय टीव्हीला. छप्पन्न लाखांच्या देशात प्रत्येक मालिका डब करणं परवडत नाही. अगदी लहान मुलांचे कार्यक्रम सोडले तर सगळं मूळ भाषेत आणि खाली फिनिश अक्षरं. मूल वाचायला लागलं की वर्षानुवर्षं कानावर इंग्रजी पडत राहतं. त्यात हल्ली ऑनलाइन गेम.

आणि हे त्यांना फुकट मिळालेलं नाही. स्वीडिश माणसाला इंग्रजी नात्यातली वाटते, फिनिशचं कूळच वेगळं. एस्टोनियन तिची जवळची नातलग, हंगेरियन लांबची. विभक्ती पंधरा, पण 'तो' आणि 'ती' यांना सर्वनाम एकच. त्यामुळे अस्खलित इंग्रजी बोलणारा सहकारीही घाईत बायकोचा उल्लेख पुल्लिंगी करून जातो.

समोरचा गप्प आहे म्हणजे त्याला इंग्रजी येत नाही, असं मात्र समजू नका. तो तसाही गप्पच असतो. इंग्रजी येतं का विचारलं तर 'थोडंसं' म्हणेल आणि मग करकपातीचे नियम व्यवस्थित समजावून सांगेल.

आता दुसरा प्रश्न. राहता येईल, पण काठावर बसून. इथल्या रस्त्यांवरच्या पाट्या दोन भाषांत असतात आणि त्यातली दुसरी इंग्रजी नव्हे, स्वीडिश. ती जेमतेम पाच टक्क्यांची मातृभाषा, पण राजभाषा. इमारतीच्या सोसायटीची नोटीस, मुलाच्या पाळणाघराचा निरोप, डॉक्टरांनी लिहिलेली नोंद हे बहुधा फिनिशमध्येच येतं. भाषांतराचं ॲप कामाला लागतं. २०२१ मध्ये हेलसिंकीचे महापौर युहाना वार्तियाइनेन यांनी शहराने स्वतःला इंग्रजी भाषेचं शहर म्हणवून घ्यावं असं सुचवलं, तेव्हा बरीच वादावादी झाली. परदेशी माणसं हवीत, पण भाषेचं काय, ही चिंता खोटी नाही. मराठी माणसाला ती वेगळी समजावून सांगायला नको.

नोकरीचं म्हणाल तर आयटी, संशोधन, विद्यापीठं इथे इंग्रजी पुरते. नर्सिंग, शिक्षण, सरकारी काम, बहुतेक लहान कंपन्या इथे नाही. आणि मीटिंग इंग्रजीत झाली तरी जेवणाच्या टेबलावर चार फिनिश जमले की गाडी फिनिशवर जाते. त्यात तुम्हाला वगळायचा हेतू नसतो.

नागरिकत्वाला फिनिश किंवा स्वीडिश येत असल्याचा पुरावा लागतो, इंग्रजी चालत नाही. येणार असाल तर पहिल्याच हिवाळ्यात नगरपालिकेच्या प्रौढ शिक्षण केंद्रातला संध्याकाळचा वर्ग लावा. फी कमी असते, आणि डिसेंबरात दुपारी सव्वातीनच्या सुमारासच सूर्य मावळतो, तेव्हा संध्याकाळी करायलाही काही लागतंच.