एक पान म्हणजे एक मिनिट? मराठीत ते धरून चालू नका

नव्या पटकथाकारांच्या पत्रांत तेच ते प्रश्न येत आहेत. यावेळी त्यातले पाच.

पटकथेसाठी महागडं सॉफ्टवेअर घ्यावंच लागतं का? (नौपाडा, ठाणे)
नाही. घ्यायचंच असेल तर आधी ट्रायलमध्ये 'उद्ध्वस्त', 'प्रार्थना' टाइप करून पीडीएफ काढा. जोडाक्षरं फुटली तर पैसे घालू नका.

'ठाणे, दिवस' एवढं सीन हेडिंग पुरेल? (ऐरोली)
पुरणार नाही. आत की बाहेर, नेमकी जागा आणि वेळ, तिन्ही हवं : 'बाह्य. मासुंदा तलाव, गडकरी रंगायतनसमोरचा कट्टा – रात्र'. पात्रं उठून रिक्षात बसली की नवं हेडिंग. सहायक दिग्दर्शक याच ओळींवरून शूटिंगचं वेळापत्रक लावतो.

'तिला बाबांची आठवण येते' हे चुकलं का? (नेरुळ)
चुकलं. आठवण कॅमेऱ्याला दिसत नाही. ती बाबांचा चष्मा कपाटातून काढते, पुसते, परत ठेवते, असं लिहा.

माझी पटकथा ८४ पानांची आहे. निर्मात्याला ८४ मिनिटं सांगू? (खारघर)
कृपा करून सांगू नका. 'एक पान म्हणजे एक मिनिट' हा हिशोब इंग्रजी पानाचा आहे : कुरिअर फॉन्ट, १२ पॉइंट, प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी. तिथेही तो अंदाजच असतो. कुरिअरमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. तुम्ही कुरिअर निवडून मराठी टाइप करता तेव्हा संगणक गुपचूप दुसरा फॉन्ट लावतो. वेलांट्या-मात्रांमुळे ओळींतलं अंतर वाढतं आणि तीच पटकथा एका मशीनवर ८४ पानं, दुसऱ्यावर ९५ भरते. तरीही कार्यशाळांच्या जाहिरातींत हा नियम 'इंडस्ट्री सिक्रेट' म्हणून विकला जातो, याची चीड येते. अशा आकड्यावर बजेट मांडलं की शूटिंगचे दिवस कमी पडतात आणि मग तुमचेच सीन कापले जातात.

एकच युनिकोड फॉन्ट, एकच आकार, ओळींतलं अंतर ठरवून ठेवा. डावीकडे दीड इंच, इतर बाजूंना साधारण एक इंच समास सोडा. मग वेगवेगळ्या प्रकारचे सीन असलेली दहा पानं स्टॉपवॉच लावून मोठ्याने वाचा, मुक्या कृतींनाही खरा वेळ द्या. दहा पानांना साडेबारा मिनिटं लागली तर तुमचं पान सव्वा मिनिटाचं. 'दंगल उसळते' ही एक ओळ चार मिनिटं खाऊ शकते, म्हणून अंतिम आकडा अनुभवी सहायक दिग्दर्शकाला विचारूनच सांगा. फाइल पाठवताना पीडीएफच पाठवा.

पटकथा स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली की हक्क सुरक्षित होतात म्हणे? (कोपरी)
ऐकीव गोष्ट. कॉपीराइट लिहिल्याक्षणी मिळतो. प्रश्न पुराव्याचा असतो. स्क्रीनरायटर्स असोसिएशन या पटकथाकारांच्या संघटनेचं सदस्यत्व घेऊन ऑनलाइन नोंदणी करा, आणि ती कोणालाही पटकथा दाखवण्याआधी. नुसत्या कल्पनेला संरक्षण नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच स्पष्ट केलंय; म्हणून दोन ओळींची कल्पना सांगत फिरू नका. पटकथेचे हक्क निर्मात्याला देताना करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने हक्क ५ वर्षांसाठी दिले असं धरलं जातं. 'फक्त फॉर्मॅलिटी आहे' म्हणत कोणी कागद पुढे केला, तर सही करण्याआधी तो कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला दाखवा.