वडिलांचा क्रोनोमीटर विकायचा आहे, विसारही घेतला आहे

प्रश्न : वडील मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते. मुंबईच्या दारूखान्यात मोडीत निघालेल्या जहाजाचा क्रोनोमीटर, म्हणजे समुद्रावर अचूक वेळ दाखवणारं पेटीतलं घड्याळ, त्यांनी विकत आणला होता. नंबरावरून तो १८८० च्या आसपासचा, इंग्लंडमध्ये बनलेला आहे असं जाणकार सांगतात. वडील दोन वर्षांपूर्वी गेले, मृत्युपत्र नाही. घरात आई आहे, बहीण कराडला दिली आहे. जुन्या घड्याळांचा नाद असलेल्या आमच्या मंडळींपैकी साताऱ्याच्या एकांशी फोनवर २ लाख ६० हजारांना सौदा ठरला आणि मी २५ हजार विसार घेतला. बाकीचे ते रोख देणार आहेत. आता पुण्याचे एक जण साडेतीन लाख म्हणतात. तिसरे म्हणतात, शंभर वर्षांवरची वस्तू विनापरवाना विकलीत तर तुरुंगात जाल. काय करू?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : तुरुंगाची भीती आधी मनातून काढा. ज्यांनी ती घातली त्यांना कायदा माहीत आहे, पण अर्धाच. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं झालेली, गेल्या काळातल्या विज्ञानाची साक्ष देणारी वस्तू ही पुराणवस्तू. तुमचा क्रोनोमीटर त्यात बसतो. परवाना मात्र लागतो तो अशा वस्तू विकण्याचा धंदा करणाऱ्याला. वारशाने आलेली घरातली एक वस्तू विकणं हा धंदा नव्हे. नोंदणीची सक्ती शिल्पं, चित्रं, सचित्र हस्तलिखितं अशा ठरावीक प्रकारांना आहे. घड्याळं त्यात नाहीत. उद्या अशीच घड्याळं घेऊन-विकून कमाई करू लागलात तर गोष्ट वेगळी. आणि परदेशातल्या हौशी माणसाने कितीही आकडा सांगितला तरी वस्तू देशाबाहेर पाठवायची नाही. तिथे किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षं कैदेची तरतूद आहे.

मला काळजी वाटते ती तुम्ही पाठवलेल्या फोटोतल्या चकतीची. पेटीच्या मधल्या झाकणावर रुपयाएवढी पांढरट चकती आहे, तिच्यावर घडवणाऱ्याचं नाव आणि नंबर कोरलाय. अशा पेट्यांवर ही चकती पुष्कळदा हस्तिदंताची असते, कधी साध्या हाडाची. भिंगाखाली हाडावर बारीक काळपट ठिपके किंवा रेघोट्या दिसतात. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते. पण यात स्वतःच्या डोळ्यांवर विसंबू नका, जाणकाराला दाखवा. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे, तो शंभर वर्षांचा असला तरी. ‘आमचा आफ्रिकी हत्तीचा आहे’ ही सबबही १९९१ च्या दुरुस्तीने संपली. चकती हस्तिदंताची निघाली तर ती विकू नका, भेट देऊ नका, खरवडून फेकूही नका. सौदा थांबवा, स्थानिक वकिलाला गाठा आणि वनखात्याकडे काय व कसं कळवायचं ते ठरवा. चकती वगळून सौदा करायचा झाला तर साताऱ्याच्या गृहस्थांशी पुन्हा बोलावं लागेल. त्यांना कारण स्पष्ट सांगा.

आता मालकी. हिंदू वारसा कायदा तुम्हाला लागू आहे आणि आजी हयात नाही असं मी धरतो. मग आई, बहीण आणि तुम्ही, तिघांचा सारखा हिस्सा. म्हणजे जी वस्तू तुम्ही एकट्याने विकायला काढलीत, तिच्यात दोन तृतीयांश वाटा दुसऱ्यांचा आहे. हे मी रागाने सांगत नाही, बहुतेक घरांत असंच होतं. घड्याळ ज्याच्या कपाटात, तोच मालक असं सगळे धरून चालतात. पण मालविक्री अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे विकणारा ‘मला विकायचा हक्क आहे’ असं गृहीत वचन देतच असतो. दोघींची लेखी संमती घ्या, त्यात किंमत लिहा, पैशांची वाटणीही लिहा. बहिणीला फोनवर ‘विकतोय बरं का’ एवढं सांगून भागणार नाही. तिला वडिलांची आठवण म्हणून ते घड्याळच हवं असेल, तर तेही ऐकून घ्या. तिने नकार दिला तर विसार परत करून, प्रसंगी थोडी भरपाई देऊन सौदा सोडवावा लागेल.

त्या दोघी राजी असतील तर पुण्याचे साडेतीन लाख विसरा. वस्तू ठरली, किंमत ठरली, विसार घेतला: तोंडी असला तरी तो करार आहे. असं दुसरं घड्याळ बाजारात सहज मिळत नाही, आणि विशिष्ट अनुतोष कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर न्यायालय पैशांवर भागवण्याऐवजी करार पाळायला लावू शकतं.

उरलेले २ लाख ३५ हजार रोख घेऊ नका. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि दोन दिवसांत दोन हप्ते केले म्हणून व्यवहार दोन होत नाहीत. बँकेतूनच घ्या.

तुम्ही मंडळींना ‘चालू स्थितीत, सगळं मूळचं’ असं सांगितलंत, आणि मला लिहिता की वडिलांनी मुख्य स्प्रिंग बदलून घेतली होती. हौशी माणूस किंमत मोजतो ती याच शब्दासाठी. वर्णनाप्रमाणे वस्तू नसेल तर तो ती परत करू शकतो; माहीत असून लपवलंत तर ती फसवणूक ठरते. ‘घेणाऱ्याने पाहून घ्यावं’ हा नियम तिथे तुम्हाला वाचवणार नाही. दोन प्रतींचा साधा कागद करा: डायलवरचा नंबर, पेटी व किल्ली, बदललेली स्प्रिंग, आणि ‘मालकी व जोखीम सुपूर्द करताच खरेदीदाराकडे’ हे वाक्य. ते वाक्य नसेल तर मालकी कधी गेली यावर वाद होतो, आणि जोखीम मालकीबरोबर जाते.

कुरिअरने पाठवू नका, स्वतः घेऊन जा. निघण्यापूर्वी क्रोनोमीटरची माहिती असलेल्या घड्याळजीकडून चालणं थांबवून बॅलन्स चक्राला बुचाच्या पाचरी लावून घ्या, आणि जिम्बलची, म्हणजे घड्याळ पेटीत समतोल ठेवणाऱ्या कड्यांची, खिट्टी लावा. कराड वाटेतच आहे, पण बहिणीची सही त्या दिवसावर टाकू नका. ती आधी घ्या.