स्क्रू कुठल्या आट्यांत बसलाय, ते आधी बघा

दिवाळीच्या सुटीत मुलांच्या हाती रिमोटचे ट्रक आले आणि सुटी संपता संपता पत्रं येऊ लागली. बहुतेकांची तक्रार एकच : स्क्रू ढिले होतात, पडतात, हरवतात. माझी नोकरी पीथमपूरच्या एका वाहन-कारखान्यात असेंब्ली लाइनवर झाली. नट-बोल्ट हाच तिथला रोजचा विषय. आता रामबागेतल्या घरी जेवणाच्या टेबलावर सोसायटीतल्या मुलांचे ट्रक उघडते. म्हणून या वेळचं सदर पूर्ण याच विषयाला दिलं आहे.

प्रश्न : नातवाचा १:१० मापाचा मॉन्स्टर ट्रक आहे. दर रविवारी बायपासपलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर तो उड्या मारत पळवतो. घरी आणला की एखादा तरी स्क्रू गायब असतो. मी दर वेळी पूर्ण ताकदीनं आवळतो. स्प्रिंग वायसर घालूनही पाहिले. आता काही भोकांत स्क्रू नुसताच फिरतो. काय करू? — एक आजोबा, लोकमान्य नगर, इंदूर

नमस्कार आजोबा. ताकद कमी पडत नाहीये, ती चुकीच्या जागी खर्च होते आहे.

बोल्ट आवळला की तो केसभर ताणला जातो आणि त्या ताणानं दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. दाब आहे तोवर घर्षण आहे, आणि घर्षण आहे तोवर बोल्ट फिरत नाही. १९६९ साली गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं प्रयोगांनी दाखवून दिलं की बोल्ट सुटतो तो मुख्यतः आडव्या हालचालीनं. जोडलेले दोन भाग एकमेकांवर बाजूला सरकू लागले की आट्यांमधलं घर्षण तेवढ्या क्षणापुरतं हरतं आणि बोल्ट प्रत्येक सरकण्यासरशी किंचित उलटा फिरतो. तुमचा ट्रक उडी मारून चाकांवर आदळतो तेव्हा आर्म, गिअरबॉक्स, मोटरची पट्टी यांना नेमका हाच आडवा धक्का बसतो.

स्प्रिंग वायसरचं म्हणाल तर तो पूर्ण आवळला की सपाट होतो आणि मग साध्या वायसरपेक्षा वेगळं काहीच करत नाही. नासाच्या १९९० च्या फास्टनर-पुस्तिकेतही तो लॉकिंगसाठी निरुपयोगी असल्याचं स्पष्ट लिहिलंय. काढून टाका.

आता खरी गोष्ट. पाना हातात घेण्याआधी प्रत्येक स्क्रूबद्दल एकच विचारा : हा कशाच्या आट्यांत बसलाय? धातूच्या, प्लास्टिकच्या, की नायलॉक नटच्या (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप न सुटणारा नट)? तिन्हींचा इलाज वेगळा आहे आणि एकाचा दुसऱ्याला लावला की नुकसान होतं.

तुमच्या ट्रकची चासी, आर्म, गिअरबॉक्सचं घर हे सगळं बहुधा नायलॉनचं आहे. तिथे स्टीलचा स्क्रू प्लास्टिकमध्ये स्वतःचे आटे कापून बसतो. ३ मिलिमीटरचा, ८.८ ग्रेडचा स्टीलचा बोल्ट स्टीलमध्ये आवळायचा तरी साधारण १.२ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, पुरतो. म्हणजे पाच सेंटिमीटर लांब किल्लीच्या टोकाला जेमतेम अडीच किलोचा भार. नायलॉनला त्याहून बरंच कमी लागतं. पूर्ण ताकद लावली की प्लास्टिकचे आटे सोलून निघतात, आणि ‘नुसताच फिरतो’ असं तुम्ही लिहिलंय ते त्यामुळेच.

प्लास्टिकमध्ये स्क्रू परत बसवताना माझी पद्धत अशी. स्क्रू भोकावर सरळ उभा ठेवायचा आणि आधी डावीकडे, म्हणजे उलटा, हळूच फिरवायचा. एका जागी तो ‘टक्’ करून किंचित खाली बसल्याचं बोटाला कळतं. तिथे जुन्या आट्यांचं तोंड असतं. मग उजवीकडे फिरवायचं. असं केलं नाही तर स्क्रू दर वेळी नवे आटे कापतो आणि चार-सहा खेपांत भोकात काही उरत नाही. डोकं टेकलं की आणखी थोडंसं, आणि थांबायचं. एलन की, म्हणजे षटकोनी टोकाची वाकडी किल्ली, लांब दांडीनं धरू नका. लांब टोक स्क्रूत घाला आणि आखूड दांडी दोन बोटांनी फिरवा, म्हणजे जास्त जोर लागणारच नाही.

जी भोकं गेली आहेत, तिथे खोली शिल्लक असेल तर त्याच जाडीचा पण लांब स्क्रू घाला. तो खालचे न वापरलेले आटे धरतो. पलीकडून जागा मोकळी असेल तर आरपार ३ मिलिमीटरचा बोल्ट घालून मागे नायलॉक नट लावा. मला हा उपाय सगळ्यांत टिकाऊ वाटतो.

आणि एक. प्रत्येक स्क्रू घट्ट हवा असं नसतं. शॉकच्या (धक्का शोषणाऱ्या स्प्रिंगच्या नळीच्या) टोकाचा स्क्रू किंवा आर्मची (चाक धरणाऱ्या हलत्या दांडीची) पिन धरणारा स्क्रू जास्त आवळला तर सस्पेन्शन अडकतं, आणि मग धक्का शॉकऐवजी चासी खाते. आवळून झालं की आर्म हातानं उचलून सोडा. तो स्वतःच्या वजनानं खाली यायला हवा.

प्रश्न : काकू, सियागंजातून लॉकटाईटची, म्हणजे स्क्रू सुटू नये म्हणून आट्यांना लावायच्या द्रवाची, बाटली आणली, तर ती अर्धीच भरलेली! दुकानदारानं फसवलं का? शिवाय भाऊ म्हणतो, फेविक्विक लावलं असतं तर स्वस्तात झालं असतं. — इयत्ता नववीतला एक वाचक, देवास

बाळा, दुकानदार प्रामाणिक आहे. ती बाटली कारखान्यातूनच अर्धी रिकामी येते. हे द्रव हवा मिळत राहिली तर पातळच राहतं, आणि हवा तुटून धातूचा स्पर्श झाला की घट्ट होतं. म्हणून बाटलीत हवेला जागा ठेवतात आणि बाटलीही हवा थोडी आत येऊ देणाऱ्या प्लास्टिकची असते. व्हर्नन क्रीबल नावाच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकानं अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात १९५३ साली हे तयार केलं. मला ही कल्पना फार सुंदर वाटते : आटे घट्ट बसले की आतली हवा आपोआप तुटते, म्हणजे जिथे हवं तिथेच ते जमतं आणि बाहेर ओघळलेलं ओलं राहतं, पुसून टाकता येतं.

फेविक्विकचं उलट आहे. ते हवेतल्या ओलाव्यानं क्षणात कडक होतं, म्हणजे स्क्रू पूर्ण आत जायच्या आधीच, आणि धक्क्याला ठिसूळ. स्क्रूवर नको.

रंग नीट बघून घे. जांभळं, म्हणजे २२२, बारीक स्क्रूंसाठी. निळं, २४३, मध्यम ताकदीचं, हाताच्या पान्यानं सुटतं. लाल, २७१, सोडवायला साधारण २५० अंशांपर्यंत तापवावं लागतं. लाल आपल्या ट्रकला नकोच. कोणी आधीच लावून ठेवलं असेल तर सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर धरून तापव आणि गरम असतानाच फिरव. जवळ प्लास्टिक असेल तर मोठ्या माणसाला सोबत घे.

लावताना आटे आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसून घे, तेल असलं की पकड कच्ची राहते. मग टोकाकडच्या दोन-तीन आट्यांवर एक बारीक थेंब. अर्ध्या तासात धरतं, पण पूर्ण ताकद यायला २४ तास लागतात. स्टेनलेस स्क्रूवर त्याहूनही सावकाश जमतं, म्हणून शनिवारी सकाळी लावलंस तर रविवारी दुपारी पळव. आणि हे फक्त धातू-धातूच्या जोडाला : मोटरचे स्क्रू, अल्युमिनियमचे भाग, शाफ्टच्या पिना. प्लास्टिकच्या आट्यांत ते नीट जमत नाही, आणि पॉलिकार्बोनेट किंवा एबीएसला लागलं तर बारीक तडे जातात. बॉडी पॉलिकार्बोनेटचीच असते, तिथे थेंबही सांडू देऊ नकोस.

प्रश्न : थ्रॉटल दिलं की मोटर किंचाळते पण ट्रक जागचा हलत नाही. मोटर जळाली का? — इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, विजय नगर, इंदूर

किंचाळते आहे म्हणजे मोटर जिवंत आहे. मोटरच्या शाफ्टवरचा छोटा पिनियन गिअर ग्रब स्क्रूनं, म्हणजे बिनडोक्याच्या बारीक स्क्रूनं, धरलेला असतो, तो सुटलाय. आधी बॅटरीचा प्लग काढा. हे नेहमी आधी, कारण बोट गिअरमध्ये असताना रिमोटला धक्का लागला तर बोट जातं.

शाफ्टची एक बाजू सपाट घासलेली असते. ग्रब स्क्रूचं टोक बरोबर त्या सपाटीवर बसलं पाहिजे, गोलाईवर बसलं तर कितीही आवळा, तासाभरात सरकणार. स्क्रू पूर्ण काढा, आटे पुसा, निळ्याचा एक थेंब द्या, सपाटी समोर आणा, आवळा. ग्रब स्क्रूची किल्ली बारीक असते, ३ मिलिमीटरच्या स्क्रूला १.५ ची. तिचं टोक झिजलेलं असेल तर हा स्क्रू कायमचा अडकतो. नवी किल्ली घेऊन मगच हात लावा.

मग मोटर परत बसवताना पिनियन आणि मोठ्या गिअरच्या दातांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी धरून मोटर गिअरवर टेकवा, स्क्रू आवळा, गिअर फिरवून पट्टी बाहेर काढा. तेवढी फट पुरते. मोटरचे स्क्रू मूळच्यापेक्षा लांब घालू नका, आत जाऊन वाइंडिंगला, म्हणजे तारेच्या वेढ्यांना, लागतात.

प्रश्न : चाकाचा नट धावता धावता सुटला आणि चाक मैदानात भलतीकडे पळालं! त्यालाही निळं लावू का? — एक आई, उज्जैन

नको. तो नायलॉक नट आहे, त्याच्या आतली नायलॉनची कडीच त्याचं लॉक. १:१० च्या ट्रकला बहुधा ४ मिलिमीटरचा नट असतो, पाना ७ चा. कडी बाहेरच्या बाजूला हवी आणि आवळल्यावर शाफ्टचा निदान एक आटा कडीच्या बाहेर दिसला पाहिजे. नट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरत असेल तर कडी झिजली. फेकून द्या आणि नवा लावा. आवळल्यावर चाक हातानं फिरवून बघा, मोकळं फिरायला हवं.

प्रश्न : स्क्रूच्या डोक्यातला षटकोन गोल झालाय, किल्ली फिरते, स्क्रू फिरत नाही. — कॉलेज विद्यार्थिनी, ग्वाल्हेर

२.५ मिलिमीटरच्या षटकोनात टी-१० चं टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचं) बिट, २ च्या षटकोनात टी-८, हलक्या हातोडीनं ठोकून बसव आणि सावकाश सोडव. स्क्रू नंतर टाकून दे.

षटकोन गोल होतो तो बहुतेक वेळा चुकीच्या किल्लीनं. जुन्या अमेरिकन ट्रकांना इंची मापं असतात. ३/३२ इंचाची किल्ली २.३८ मिलिमीटर, ती २.५ च्या भोकात जाते आणि कोपरे खाते. गोल टोकाची एलन की स्क्रू पटकन फिरवायला ठीक, शेवटचं आवळणं सरळ टोकानंच. आणि तुझ्याकडे टामिया या जपानी कंपनीचा ट्रक असेल, तर त्याचे फुलीचे स्क्रू जपानी मापाचे असतात. आपला नेहमीचा फिलिप्स पेचकस त्यांत पूर्ण बसत नाही, वर चढतो आणि फुली खराब करतो. त्यासाठी जेआयएस, म्हणजे त्याच जपानी मापाचा, पेचकस घे.

प्रश्न : दर वेळी सगळे स्क्रू तपासायचे का? — वरचेच आजोबा, दुसऱ्या पत्रात

सगळे नकोत आजोबा. कारखान्यात आवळलेल्या बोल्टवर आम्ही रंगाची रेघ ओढायचो, डोक्यावरून सुरू होऊन शेजारच्या भागावर उतरलेली. घरी नेलपॉलिश चालतं. रेघ तुटून सरकलेली दिसली की तोच स्क्रू ढिला, बाकीच्यांना हात लावायचा नाही. दर वेळी प्रत्येक स्क्रू थोडा थोडा पिळल्यानंच प्लास्टिकचे आटे संपतात.

रेघ ओढा मोटरच्या दोन स्क्रूंवर, शाफ्टच्या पिनांवर, स्टिअरिंग सर्व्होच्या (चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरच्या) स्क्रूंवर आणि शॉक टॉवरच्या (शॉकचं वरचं टोक धरणाऱ्या पट्टीच्या) बुडाशी. चाकांचे नट मात्र प्रत्येक खेळीआधी पान्यानंच बघा. आपली माळव्याची काळी माती वाळली की भागांच्या फटींत पीठ होऊन बसते आणि रेघ झाकते. आधी रंगाच्या कोरड्या ब्रशनं झाडा, मग बघा. पावसाळ्यात ट्रक चिखलातून आला तर माती ओली असतानाच काढा. वाळल्यावर ती एलन कीच्या भोकात घट्ट बसते, किल्ली अर्धीच आत जाते आणि षटकोन गोल होतो. भोकातली माती टाचणीनं उकरून मगच किल्ली घाला.