पाळणाघर सुरू करतेयस? आधी जमिनीवर रांगून बघ

अगं अभिनंदन! पडदे, भिंतीवरची कार्टून हे सगळं नंतर कर, आधी स्वतः खोलीभर रांगत एक चक्कर मार, हसू नकोस, पोरं तिथेच असतात आणि दिसेल ते तोंडात घालतात. माझ्या जुन्या जागेत खिडकीच्या गजांचा ऑइलपेंट पापुद्रे होऊन पडायचा, एक दिवस दीड वर्षाची पोरगी ते वेचून चाटताना सापडली, मला घामच फुटला. जुन्या रंगात शिसं हा विषारी धातू असू शकतो, आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची (म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीचा रंग असेल तर संशय धरायचाच. आणि तो कोरडा घासायचा नाही हं! धूळ उडते आणि तीच पोरांच्या पोटात जाते. पेंटरला पाणी मारून घासायला सांग, तेही पोरं नसताना, मग ओल्या फडक्याने दोनदा पुसून घे. रोजचंही तसंच, झाडू कमी आणि ओलं पुसणं जास्त.

फिनाइल, अॅसिड कोल्ड्रिंकच्या बाटलीत अजिबात भरायचं नाही, कुलपात ठेव. डांबरगोळ्या कपाटातून काढूनच टाक, पोरांना त्या पेपरमिंट वाटतात. कॉइल तर नकोच, बंद खोलीत तो धूर सगळा पोरांच्या छातीत, त्यापेक्षा खिडक्यांना जाळी लाव, खर्च एकदाच होतो.

खेळण्यांवर आयएसआय मार्क बघ, २०२१ पासून सक्तीचा आहे. जत्रेतली रंग निघणारी खेळणी कुणी प्रेमाने आणून दिली तरी गोड बोलून परत कर, मी तेच करते.